नऊ कागदांवरची एकच माती

खाकी उतरवून आता बरीच वर्षे झाली. तपासाचे कितीतरी कागद हाताखालून गेले आणि त्यांतले बहुतेक विसरलो. या एका प्रकरणात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात त्याच्या चार ओळीही आल्या नाहीत. तरी ते डोक्यातून गेलेले नाही. कोणाचे नाव न घेता सांगतो.

नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. मी मूळचा रावेरकडचा, केळी पिकवणाऱ्या घरातला. मुलींच्या शाळेसाठी बायको जळगावात राहत होती. महिन्यातून एकदा नरडाण्याला पॅसेंजर पकडून मी घरी जाई. बाकीचे दिवस क्वार्टरच्या दोन खोल्या आणि मी. काम संपले तरी संध्याकाळी ठाण्यातच मुद्देमालाचे जुने रजिस्टर चाळत बसून राही. ठाणे अंमलदाराला वाटे, साहेब फार कामसू आहेत. मी तो गैरसमज दूर केला नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी हजेरी संपता संपता एक बाई ठाण्यात आल्या. वय तिशीचे, खांद्याला जड कापडी झोळी. सरकारी प्रयोगशाळेत त्या रसायनतज्ज्ञ होत्या. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी माझ्या टेबलावर मातीच्या नऊ छोट्या पिशव्या ओळीने मांडल्या.

"साहेब, ही माती मी नऊ ठिकाणांहून घेतली होती," त्या म्हणाल्या. "आता नऊही पिशव्यांत एकच माती आहे."

गावाबाहेर एक बंद कारखाना होता. कातडे कमावायला लागणारे रसायन तिथे तयार होई. मालक बाहेरगावचा; कारखाना बंद पडल्यावर तो परत फिरकला नाही. पुढे ती जागा एका गृहनिर्माण सोसायटीने घेतली. शिक्षक, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, दवाखान्यातल्या नर्स अशी चाळीस कुटुंबे होती. घरांच्या परवानगीसाठी कागद गेले, तेव्हा कचेरीतल्या कोणा जाणत्या माणसाने शेरा मारला की आधी या जागेची माती तपासून घ्यावी. त्या कामावर या बाई आल्या होत्या.

त्यांनी जागेचे चौकोन पाडले होते, चुन्याने रेघा मारून. प्रत्येक ठिकाणी वरची माती आणि दोन-तीन हात खालची माती घेऊन एकत्र केली. ती ओलसर होती म्हणून कारखान्याच्या जुन्या ऑफिसच्या खोलीत नऊ कागदांवर सावलीत वाळत घातली. खोलीला कुलूप लावले आणि किल्ली रखवालदाराकडे ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांना धुळ्याला बैठकीला जावे लागले आणि पिशव्या त्यांच्या शिपायाने भरून, लाखेचे सील मारून आणल्या.

"तिथे माझी चूक झाली," बाई म्हणाल्या. "मी स्वतः थांबायला हवे होते. अहवाल आला तो अगदी स्वच्छ. साहेब, माती इतकी स्वच्छ कशी असेल? तिथल्या भिंतीचा खालचा हातभर भाग पिवळा पडून गळतो आहे. ते रसायन जमिनीत असल्याशिवाय असे होत नाही. आणि नऊ ठिकाणांचे आकडे जवळजवळ सारखे. एका शेतातही असे होत नाही."

"परत नमुने घ्या की," मी म्हणालो.

"घेणारच आहे. पण ज्याने हे केले त्याला खाली काय आहे ते ठाऊक आहे. आम्ही कुठल्याही जागेची माती काढण्याआधी तिचा इतिहास विचारतो. काय बनत होते, गाळ कुठे टाकत होते, पाणी कोणत्या बाजूला उतरते. तुम्ही माणसाची चौकशी करता तशी आम्ही जागेची करतो. आंधळेपणाने खड्डे घेतले तर नेमकी वाईट जागा सुटू शकते. मला तो माणूस हवा आहे, शिक्षेसाठी नव्हे, माहितीसाठी."

मी फिर्याद लिहून घ्यायला सांगितली. आमच्या हवालदारांनी पेन वर करून विचारले, "साहेब, चोरीस काय गेलं म्हणून लिहू? माती?"

कोणी हसले नाही, तेव्हा त्यांनी मुकाट्याने लिहायला घेतले.

बाई लिहून देत होत्या तोवर मी एक पिशवी तळहातावर रिकामी केली. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला माती चोळून पाहायची सवय असते. काळी, चिकट माती होती. तिच्यात कुजलेल्या शेणखताचे कण होते आणि कपाशीच्या बोंडाचा एक वाळका तुकडा. कारखान्याच्या मागच्या अंगणात शेणखत कोण घालतो?

दुपारी दोन पंच घेऊन जागेवर गेलो. लांबच लांब रिकामे आवार, पत्रे उडालेली शेड, जमिनीवर मुरूम आणि राखेसारखी भर. चुन्याच्या रेघा अजून दिसत होत्या. फाटकाजवळच्या खोलीत रखवालदार राहत असे. साठीच्या पुढचा, किडकिडीत माणूस, सगळे त्याला नाना म्हणत. बोलताना नाकातून शिटीसारखा बारीक आवाज येई. कारखाना चालू होता तेव्हा तो आत गाळ उपसायच्या कामावर होता. बंद झाल्यावर मालकाने किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि येतो म्हणून गेला. नाना थांबला. दोन-तीन वर्षांत बायको वारली, मूलबाळ नव्हते, आणि तो थांबूनच राहिला. सोसायटीनेही त्याला काढले नाही.

पंचनामा चालू असताना बाईंनी मला बाजूला घेतले. "त्यांचे हात पाहा. बोटांवर ते गोल, खोल वण आहेत ना, ते या रसायनाचे. हातात गाळ घेऊन काम केल्याचे. आणि नाकाचा आवाज ऐकलात? आतला पडदा फुटलेला असणार. बहुधा त्यांना कळलेही नसेल."

मग त्यांनी नानाला विचारले, "नाना, कारखान्याला पाणी कुठून यायचे? विहीर कुठे आहे?"

"बुजी गयी बाई," नाना म्हणाला. "मांगेच बुजी गयी."

विहीर बुजली हे त्याने फार लवकर सांगितले. मी ते मनात ठेवले. फाटकाबाहेर त्याची सायकल उभी होती आणि तिला दोन्ही बाजूंना पाण्याचे डबे बांधलेले होते.

परत येताना वरच्या अंगाच्या शेतावर थांबलो. कपाशीची वेचणी चालू होती. शेताच्या मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. मी विचारण्याआधीच त्यांनी विचारले, "नानांनी काय करं साहेब? गरीब मानूस शे तो."

"काही केले नाही. पाणी भरायला तुमच्याकडे येतात का?"

"रोज येतस. दहा वरीस व्हयनात."

"पाणीच नेतात, की आणखी काही?"

अक्का जरा आठवू लागल्या. "मांगला आठवडाले गोणीभर माटी लई गयात. तुयसले पाहिजे म्हने."

नानाच्या खोलीपुढे तुळस नव्हती. एक गोणी मातीत सात-आठ तुळशी लागल्या असत्या.

एवढे हाती आल्यावर माणूस लगेच कबूल करील, असे मला वाटले होते. दुसऱ्या दिवशी नानाला ठाण्यात बोलावले. चहा दिला. ओरडून, हात उगारून खरे बाहेर येते असे मानणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्याने फक्त भीती बाहेर येते. मी साधे प्रश्न विचारत गेलो. माती नेली का? नेली. कशाला? तुळशीला. तुळस कुठे? मरी गयी. खोलीची किल्ली आणखी कोणाकडे होती? कोणाकडेच नव्हती. मग माती कोणी बदलली? त्याने कपातला उरलेला चहा बशीत ओतला.

दोन तास झाले. मी म्हणालो, "जा नाना. उद्या परत या."

तो उठला नाही. "बसू द्या ना साहेब जरासं," म्हणाला. "आठे बरं वाटस."

मला ते विचित्र वाटले. ठाण्यात बोलावलेला माणूस, गुन्हेगार असो वा साक्षीदार, त्याचे एक लक्ष दाराकडे असते. नाना बाकावर नीट टेकून बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाहत होता. एका कॉन्स्टेबलला त्याने गाव विचारले, एका फिर्यादी बाईला प्यायला पाणी दिले. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे रजिस्टर उघडून बसलो, तेव्हा तो अजून तिथेच होता. आम्ही दोघेच उरलो होतो. शेवटी मीच त्याला ठाण्याच्या फाटकापर्यंत सोडले. दुसऱ्या दिवशी अकराला बोलावले होते. तो आठ वाजताच धुतलेला सदरा घालून हजर झाला.

त्या दिवशी मी सोसायटीच्या अध्यक्षांनाही बोलावले होते. ते शाळामास्तर होते, सज्जन माणूस. नमुन्यांचे ऐकून ते गोंधळले. "आम्ही असे का करू साहेब? आमचीच मुले राहणार आहेत तिथे."

"नानाशी या विषयावर काही बोलणे झाले होते?"

"विशेष नाही. माती तपासायला कोणी येणार आहे, वाईट निघाली तर कॉलनी होणार नाही, एवढे सांगितले असेन. तो सारखा विचारायचा, कधी येणार राहायला म्हणून. रविवारी आम्ही सगळे प्लॉट बघायला जातो, मुलांना घेऊन. मुले त्याच्या अंगाखांद्यावर खेळतात. आमच्या मंडळींनी त्याला डबाही दिला आहे कितीदा."

मास्तर गेले. नाना बाहेर बाकावर बसला होता आणि लहान पोराला घेऊन आलेल्या एका बाईशी बोलत होता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो आणि माझ्या ध्यानात आले की मी चुकीचे प्रश्न विचारत होतो. त्याला कोणी फितवले, हे मी शोधत होतो. त्याला काय हवे होते, हे मी विचारलेच नव्हते.

दुपारी त्याला घेऊन जागेवर गेलो. हवालदारांना आणि दोन पंचांना फाटकाशी थांबवले. त्याच्या खोलीच्या ओट्यावर आम्ही दोघे बसलो. समोर चुन्याच्या रेघा.

"नाना, या रेघा बाईंच्या. पण प्लॉट कुठे पडणार हे तुम्हाला माहीत असेल."

त्याचा चेहरा खुलला. बोट दाखवून सांगू लागला. "हाई एक नंबर, मास्तरनं. तठे पाच नंबर कंडक्टरनं. सात नंबर नर्सबाईनं. नऊ नंबरले डायव्हर शे एसटीना, त्यान्ही माय बी येनार शे ऱ्हावाले. म्हतारी शे. मन्हाच उमरनी शे."

चाळीसच्या चाळीस त्याला पाठ होते. कोणाच्या घरात किती माणसे, कोणाला मुलगा, कोणाला मुलगी. सगळे सांगून झाल्यावर तो थांबला आणि स्वतःच म्हणाला, "सकायले उठं का कोन्ही ना कोन्ही दिसी, साहेब. दहा वरीस मी आठे एकला शे. बायको गयी, तवयपासून कोन्हीशी बोलाले नही. अक्काकडे पानी भराले जास, तवय दोन शब्द व्हतस. मी दोन फेऱ्या मारस. पानी एकच फेरीनं पुरस."

मी म्हणालो, "सात नंबरला कोण म्हणालात?"

"नर्सबाई."

"मुलगी आहे ना त्यांना? केवढी आहे?"

"चार वरीसनी. माले नाना म्हनस."

"चार वर्षांची पोर मातीत खेळते, नाना. हात मातीला लागतो आणि तोच हात तोंडात जातो. तुम्ही तर मोठे होतात, कामावर होतात." मी त्याच्या बोटांकडे पाहिले. "हे किती दिवसांत झाले होते?"

त्याने हात उलटे करून पाहिले. वण मोजत असावा तसा एकेका बोटावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "त्या विहीरनं पानी पेवू नका, हाई मी बठ्ठासले सांगनार व्हतू. घरोघर जाईसन सांगनार व्हतू. माटीनं मन्हा ध्यानमा नही उनं, साहेब. पोरे माटीमा खेळतस, हाई ध्यानमाच नही उनं."

तो उठला. शेडच्या मागे जुन्या पत्र्यांचा ढीग होता. आम्ही पंचनाम्याच्या वेळी तो भंगार समजून सोडून दिला होता. नानाने एकेक पत्रा ओढायला सुरुवात केली. मी हाक मारून हवालदार आणि पंचांना बोलावले. पत्र्यांखाली विहीर निघाली, बांधलेली, धडधाकट. खाली वाकून पाहिले तर पाणी हळद कालवल्यासारखे पिवळे.

"आनि गाळ?" हवालदारांनी विचारले.

नाना चालत गेला आणि आवाराच्या उताराकडच्या कोपऱ्यात उभा राहिला. "आठे. पिंपे शेतस. मीच पुरेल शेतस." मग तिथूनच मागे वळून मला म्हणाला, "मीच बदली माटी, साहेब. माले कोन्ही सांगं नही. लिखी ल्या."

मी जबाब लिहून घेतला. जबाब प्रमाण मराठीत, नेहमीच्या साच्यात लिहिला जातो: 'मी विचारल्यावरून सांगतो की, सदरची माती मी स्वतः बदलली. तसे करण्यास मला कोणी सांगितले नाही.' का बदलली, या प्रश्नापुढे मी लिहिले, 'वसाहत व्हावी या हेतूने.' कागदावर ते वाक्य असे दिसत होते, जणू तो कोणी बिल्डर होता. मी खोडले नाही, कारण खोटे त्यात काही नव्हते.

बाईंनी काम पुन्हा सुरुवातीपासून केले. या वेळी नाना त्यांच्याबरोबर फिरत होता. गाळाची गाडी कुठून जाई, कुठे सांडे, पावसाळ्यात पाणी कुठे साचे, सगळे त्याने दाखवले. चार दिवस त्यांनी त्याच्या सांगण्यावरून खड्डे घेतले, खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी घेतले, पिशव्या स्वतः भरल्या आणि सील करताना मला उभे केले. सात नंबरच्या प्लॉटची माती सर्वांत वाईट निघाली. खालच्या अंगाच्या एका विहिरीतही रसायन उतरले होते. तिचे पाणी पिणे बंद करायला लावले. जागेला घरांची परवानगी नाकारली गेली आणि काटेरी तारेचे कुंपण पडले.

सोसायटीचे लोक माझ्यावर नाराज झाले. मास्तर ठाण्यात येऊन म्हणाले, "साहेब, तुम्ही चाळीस घरे उभी राहण्याआधीच पाडलीत." मी त्यांना विहीर दाखवायला नेणार होतो, ते आले नाहीत. वाईट होऊ न दिलेल्या गोष्टीचे आभार कोणी मानत नाही, आणि मी तशी अपेक्षाही करायला नको होती. त्यांना दुसरीकडे जागा मिळायला पुष्कळ वर्षे लागली असे नंतर कानावर आले.

नानावर आरोपपत्र ठेवावे लागले. त्याने कोर्टात पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. वय आणि मदत पाहून कोर्टाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले. तेवढे बरे झाले. पण कुंपणाच्या आत राहायला कोणालाच परवानगी नव्हती, त्यालाही नाही. साक्रीच्या पलीकडे एका खेड्यात त्याचा पुतण्या होता, त्याला निरोप धाडला. स्टँडवर मी स्वतः सोडायला गेलो. एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीतून स्टँडवरची माणसे पाहत होता. माझ्याकडे पाहिले नाही.

चारेक वर्षांनी निवडणुकीच्या बंदोबस्ताला साक्रीकडे गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्या खेड्यात गेलो. पुतण्याचे घर वस्तीपासून लांब, शेतात. घरातली माणसे कामाला गेली होती. नाना पडवीत बसला होता. माझी ओळख पटायला वेळ लागला. मग त्याने मला शेजारी बसवले आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"तठे आते कोन्ही ऱ्हास का?"

"नाही, नाना. कुंपणच आहे."

"कोन्हीच नही?"

"कोणीच नाही."

त्याने मान हलवली. "नर्सबाईनी पोर बरी शे का?" विचारले. बरी आहे, शाळेत जाते, असे मी सांगितले. मला खरे माहीत नव्हते. बाहेर जीप थांबली होती. मी ड्रायव्हरला चहा पिऊन यायला सांगितले आणि ऊन उतरेपर्यंत तिथे बसलो.

त्या तपासाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर सांगायला मोठे काही नाही. गुन्ह्यामागे राग किंवा लोभ शोधायचे आम्हाला शिकवले होते, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही निघते. एकटेपणामुळे माणूस इतका मोठा धोका डोळ्यांआड करील, हे कोणत्याही प्रशिक्षणात सांगितले नव्हते. मी ते ओळखायला हवे होते. मी स्वतः रोज संध्याकाळी रजिस्टर उघडून बसत होतो. तरी मला तीन दिवस लागले.

पुढे ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे पहिल्या महिन्यात एक काम करून घेई. प्रत्येक बीटच्या अंमलदाराकडून एकट्या राहणाऱ्या माणसांची यादी मागवी. बंद गिरणीचा राखणदार, मळ्यातली म्हातारी, फाटकावरचा गेटमन. आठवड्यातून एकदा तिकडे फेरी मारायची, असा माझा तोंडी हुकूम असे. एका नव्या हवालदाराने डायरी उघडून विचारले, "साहेब, कशाची चौकशी म्हणून नोंद घेऊ?"

"नोंद घेऊ नका," मी म्हणालो. "जा आणि अर्धा तास बसून या."